सोडचिठ्ठीची नक्कल कुठे मिळते?

मी पोशीरहून बोलतोय. कर्जत तालुक्यातलं पोशीर, नेरळला उतरून कळंबच्या रस्त्याला लागलं की येतं ते. मध्येच कोंबडा आरवला तर समजून घ्या, आज घरून रेकॉर्डिंग आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग लिहून देतोय, जवळजवळ जसा बोललो तसाच.

मागचे काही भाग आपण किल्ले आणि लढायांवर केले. आजचा इतिहास एका कागदाचा आहे. घटस्फोटाचा कागद. तो कोण लिहितं, कुठे ठेवतात, हरवला तर परत कसा मिळवायचा आणि मुळात लिहिलाच नसेल तर काय करायचं. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत थांबा. तुमच्या घरात किंवा आळीत कुणाला तरी हे लागणार आहे.

दोन बायका, एकच प्रश्न

सुरुवात मोबाईलवरून झाली. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली आणि घरातला कॉम्प्युटरवाला म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आत्याचा आधार नंबर टाकला, ओटीपी आला, इथवर ठीक. पुढे विचारलं, पतीचा किंवा वडिलांचा आधार नंबर. आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, आधार कार्ड निघायच्या आधीच गेले. आणि नवऱ्यापासून घटस्फोट होऊन तिला तीसेक वर्षं झाली. अशा बायकांनी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा, असं नंतर जाहीर झालं.

मी म्हटलं, "आत्या, कोर्टाचा कागद काढ."

ती म्हणाली, "अरे, तो ट्रंकेत होता. छब्बीस जुलैला ट्रंकच गेली ना नदीत."

छब्बीस जुलै म्हणजे २००५ चा पूर. आमच्याकडे कुठलीही हरवलेली वस्तू शेवटी त्याच तारखेला जाऊन पोचते.

त्याच आठवड्यात ठाकरवाडीतली मावशी आली. पावसाळ्यात शेवळं आणि करटोली, दिवाळीनंतर करांदे, असं घेऊन ती वर्षानुवर्षं आमच्या ओटीवर येते. आत्याची आणि तिची जुनी मैत्री. तिचा फोनही त्याच पानावर अडकलेला. तिचं लग्न आत्याच्याही आधी मोडलं होतं. पंच बसले, सगळ्यांसमोर काडी मोडली, तिच्या बापाने घेतलेलं देज परत केलं, विषय संपला. मी सवयीने विचारलं, "मावशी, कागद?" ती हसायला लागली. "काडीचा कुठं कागद असतो रं बाबा?"

एकीचा कागद हरवलाय, दुसरीचा कधी नव्हताच. मला वाटलं होतं की पहिलं काम सोपं आहे आणि दुसरं अशक्य. पुढचे दोन महिने कोर्टांचे जिने चढल्यावर कळलं की दोन्हीचं मूळ एकच आहे. आपल्याकडे लग्नाची नोंदवही आहे. घटस्फोटाची नाही. आणि ती का नाही, याला चांगला दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

काडी, चिठ्ठी आणि कर

आपल्या मनात असं पक्कं बसलंय की घटस्फोट ही इंग्रजांनी किंवा सिनेमाने आणलेली गोष्ट आहे. जुन्या काळी लग्न म्हणजे सात जन्म. हे काही जातींपुरतं खरं आहे, ब्राह्मणांमध्ये तशी सोय नव्हती. पण महाराष्ट्रातल्या बऱ्याच कष्टकरी जातीजमातींमध्ये लग्न मोडायची आणि दुसरं करायची रीत होती. भाषेतच पुरावा आहे. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे तिन्ही शब्द आपलेच. बाईच्या दुसऱ्या लग्नाला तर वेगळं नाव होतं, पाट. कुठे मोहतूर म्हणायचे.

इंग्रजांनी पेशवाई घेतली १८१८ मध्ये. राज्य तर मिळालं, पण इथले रीतिरिवाज कुठल्याच एका पुस्तकात नव्हते. मग एल्फिन्स्टनच्या काळात जातीजातींच्या जाणत्यांना विचारून चालीरीती लिहून घेतल्या गेल्या. आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने ते काम केलं आणि १८२७ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. लग्न, दत्तक, वारसा आणि लग्न मोडणं, सगळं त्यात आहे. म्हणजे रीत काय आहे ते सरकारने लिहून घेतलं. पण अमक्या गावातल्या तमक्या बाईची सोडचिठ्ठी झाली, हे कुणीच कुठे लिहिलं नाही.

आता गंमत बघा. राज्यकर्त्यांना या गोष्टी माहीत नव्हत्या असं अजिबात नाही. मराठ्यांच्या काळात पाटावर कर होता, त्याला पाटदाम म्हणायचे. बाईने पाट लावला की सरकारात पैसे भरायचे. पुढे इंग्रजांनी १८९९ चा मुद्रांक कायदा केला, त्याच्या यादीत सोडचिठ्ठीच्या दस्तालाही मुद्रांक लागतो असं कलम आहे. दर एक रुपया. म्हणजे दोन्ही राज्यांनी पैसे घेतले. नोंदवही मात्र दोघांनीही उघडली नाही.

कोर्ट म्हणालं, पंच कोण?

१८६० मध्ये भारतीय दंड संहिता आली. पहिला जोडीदार जिवंत असताना दुसरं लग्न करणं हा ४९४ कलमाखाली गुन्हा ठरला. हिंदू पुरुषाला त्याचा काही फरक पडला नाही, कारण त्याला दुसरी बायको करायची मुभाच होती. अडकली ती बाई. पंचांनी तिला मोकळं केलं, तिने पाट लावला, आणि पहिला नवरा फिर्याद घेऊन कोर्टात गेला तर?

असे खटले मुंबई हायकोर्टापुढे आले. १८७६ चा एक निकाल प्रसिद्ध आहे, रेजिना विरुद्ध संभू रघू. कोर्टाने सांगितलं की लग्न रद्द झालं असं जाहीर करायचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी द्यायचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही. आणि जातीने परवानगी दिली होती, मी प्रामाणिकपणे तसं धरून चाललो, हा बचावही चालणार नाही.

वाड्यावस्त्यांवर याचा अर्थ काय झाला असेल, विचार करा. गावाच्या लेखी बाई मोकळी. सरकारच्या लेखी ती अजून पहिल्याचीच बायको. बरं, हिंदू बाईला कोर्टात जाऊन घटस्फोट मागता येईल असा कायदाही तेव्हा नव्हता. ख्रिश्चनांसाठी १८६९ चा कायदा होता, पारशांसाठी १८६५ चा.

रखमाबाईंची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लहानपणी लग्न झालेल्या या मुलीने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. दादाजी भिकाजीने १८८४ मध्ये तिच्यावर दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात तो निकाल उलटला, आणि १८८७ मध्ये तिला सांगण्यात आलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंग चालेल म्हणून सांगितलं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढे ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. आपण तिच्या धैर्याबद्दल बोलतो, ते बरोबरच आहे. पण तिला घटस्फोट मिळाला नाही, कारण तो देणारा कायदाच नव्हता. इतकं गाजलेलं प्रकरण, आणि शेवटी हातात घटस्फोटाचा कागद नाही.

कर्जतला कायदा कधी आला?

आपल्या शेजारच्या बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. मुंबई प्रांतात तो आला १९४७ मध्ये, मुंबई हिंदू घटस्फोट कायदा. त्याच्या आदल्या वर्षी हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या बायकोवर बंदी घालणारा कायदा झाला होता. तो घटनेत बसतो का, या प्रश्नावर १९५१ मध्ये मुंबई हायकोर्टाने नरसू आप्पा माळी खटल्यात निकाल दिला आणि कायदा टिकला. तो खटला आजही लॉच्या मुलांना पाठ असतो.

म्हणजे कर्जतची हिंदू बाई कोर्टात घटस्फोट मागू शकत होती १९४७ पासून, देशभराच्या हिंदू विवाह कायद्याच्या आठ वर्षं आधी. हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. आपल्या आजच्या गोष्टीसाठी त्यातली दोन कलमं महत्त्वाची आहेत.

पहिलं, कलम २९ पोटकलम २. रूढीने लग्न मोडायचा जो हक्क कुणाला असेल त्याला हा कायदा धक्का लावत नाही. म्हणजे १८७६ मध्ये जी काडीमोड कोर्टाने झिडकारली, तिला १९५५ मध्ये संसदेने मागच्या दाराने का होईना, घरात घेतलं. दुसरं, कलम २ पोटकलम २. केंद्र सरकारने वेगळं काही सांगितलं नाही तर हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. आमच्या कर्जत-खालापूरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर म्हणूनच रूढीच चालते.

मावशीची काडीमोड त्यामुळे बेकायदा नाही. अडचण वेगळीच आहे. कायद्याने रूढी मान्य केली, पण रूढीने झालेली काडीमोड कुणी, कुठे, कधी लिहून ठेवायची हे सांगितलंच नाही. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर स्पष्ट केलं की रूढीचा घटस्फोट सांगणाऱ्याने ती रूढी आहे हे कोर्टात मांडलं पाहिजे आणि सिद्धही केलं पाहिजे. ओझं कुणावर? जिच्याकडे कागद नाही तिच्यावर.

आत्याची फाइल कुठे होती?

आता आत्याकडे येतो. अमेरिकेतल्या माझ्या एका मित्राला असाच कागद लागला तेव्हा त्याने फोनवर सांगितलं, "सोपंय रे, ज्या काउंटीत घटस्फोट झाला तिथल्या कोर्टाच्या क्लार्ककडे अर्ज टाकायचा." मी पण तसंच गृहीत धरलं. आत्या पोशीरची, पोशीर रायगडात, म्हणजे कागद रायगडात. कर्जतला कोर्ट आहे, अलिबागला जिल्हा न्यायालय आहे. ई-कोर्ट्सच्या ॲपवर नाव आणि वर्ष टाकून शोधलं. काही नाही. तिथे प्रत्यक्ष चौकशी केली. तरी काही नाही.

चूक माझी होती. प्रोग्रॅम चालत नसला की आपण आधी तपासतो, चुकीच्या सर्व्हरला तर विचारत नाही ना? इथे ते तपासायलाच विसरलो. घटस्फोटाचा अर्ज कुठे करायचा हे हिंदू विवाह कायद्याचं कलम १९ सांगतं. लग्न जिथे लागलं, समोरचा पक्ष जिथे राहतो, किंवा दोघं शेवटी जिथे एकत्र राहिले तिथलं कोर्ट. बायको स्वतः जिथे राहते तिथे, म्हणजे माहेरच्या कोर्टात अर्ज करायची मुभा आहे, पण ती आली २००३ च्या दुरुस्तीने. आत्याचा अर्ज त्याच्या बारा वर्षं आधीचा. तिचं लग्न मुरबाडकडे लागलं, संसार अंबरनाथला. नवराही तिथलाच. म्हणजे १९९१ च्या कायद्याप्रमाणे ती केस रायगडात असूच शकत नव्हती. ठाणे जिल्ह्यातच असणार.

मंडळी, या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. जुनी केस शोधताना आजचा कायदा आणि आजचा पत्ता बघू नका, केस टाकली त्या वर्षीचा बघा. जिल्ह्यांच्या हद्दीही तशाच तपासा. आमचं कर्जत १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, मग कुलाब्यात आलं, आणि कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. खापरपणजोबांचे कोर्टाचे कागद शोधणाऱ्यांनी हे आधी बघावं.

पुढचा प्रश्न वर्षाचा. आत्याला अर्जाचं वर्ष अंदाजे माहीत होतं, निकालाची तारीख नाही. मी विचारत राहिलो. पाऊस होता का? सण कुठला होता? मग तिला आठवलं. "किल्लारीचा भूकंप झाला बघ, विसर्जनाच्या रात्री. त्याच्यानंतर दिवाळीच्या आत." किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. आपल्याला दीड महिन्याची खिडकी मिळाली. तिचे वकील आता हयात नाहीत, पण त्यांच्या मुलाने जुन्या डायऱ्या ठेवल्या होत्या. त्यातल्या एका पानावर आत्याचं नाव आणि पुढे केस नंबर.

नंबर मिळाला आणि चित्रच बदललं. कोर्टात केसचा नंबर आणि वर्ष म्हणजे सगळं काही. नंबर नसेल तर क्लार्कला दाखल रजिस्टर आणि निकाली रजिस्टर पानं उलटून बघावी लागतात, आणि त्यासाठी शोधाचा अर्ज द्यावा लागतो. नंबर असेल तर नकलेचा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, अर्जदार केसमधली पक्षकार आहे याचा पुरावा, बस. निकाली फाइल अभिलेख कक्षात गेलेली असते, तिथून ती मागवतात, नक्कल करतात, ‘खरी नक्कल’ म्हणून शिक्का आणि सही होते. नकलेवर अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली, या तिन्ही तारखा असतात.

फाइलमधले सगळे कागद कायम ठेवत नाहीत, बरं का. किरकोळ कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त काळ जपतात. हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात कारणं असतात, कोण काय म्हणालं, न्यायाधीशांना काय पटलं. हुकूमनामा म्हणजे शेवटचा आदेश, अमुक तारखेपासून लग्न संपुष्टात. ऑफिसात दाखवायला हुकूमनामा लागतो. अर्ज करताना दोन्ही मागा.

आत्याने दोन्ही मागितले होते. घरी येऊन ओटीवर बसून तिने निकालपत्र वाचलं. तिची साक्ष त्यात होती, मराठीत दिलेली, इंग्रजीत उतरवलेली. मी तिला वाचून मराठीत सांगत होतो. मध्येच तिने मला थांबवलं. म्हणाली, "हे मी बोलले होते? एवढं सगळं? भरल्या कोर्टात?" मी म्हटलं, "हो, आणि न्यायाधीशांनी लिहिलंय की बाईच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हा वकिलाने एक कागद हातात दिला आणि म्हणाले, झालं. आत काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलंच नाही."

तो कागद म्हणजे कायद्याने तिला फुकट मिळालेली नक्कल असणार. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक नक्कल दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची, असं कलम २३ मध्ये १९७६ पासून आहे. हा हक्क आजही आहे, माहीत असू द्या.

नोंदवही का नाही?

ई-केवायसीच्या सूचनेत घटस्फोटाचं प्रमाणपत्र हा शब्द आहे, आठवतंय? ते प्रमाणपत्र हिंदूंसाठी महाराष्ट्रात कुठल्याच ऑफिसातून मिळत नाही. जन्माचा दाखला मिळतो, मृत्यूचा मिळतो, लग्नाचा मिळतो. राज्याच्या १९९८ च्या कायद्याने गावात ग्रामसेवक लग्नाची नोंद करतात, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या लग्नांची नोंद सक्तीची करा म्हणून सांगितलं. पण ते लग्न मोडलं तर त्याच वहीत त्या नोंदीसमोर काही लिहायचं, अशी व्यवस्था नाही. ग्रामपंचायतीच्या वहीत आत्यासारख्या बाया कायम विवाहितच राहतात.

असं करता येत नाही का? येतं की. आपल्याच मुंबईत उदाहरण आहे. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, १९३६, कलम १०. कोर्टाने घटस्फोट दिला की हुकूमनाम्याची नक्कल कोर्टानेच विवाह निबंधकाकडे पाठवायची आणि निबंधकाने ती रजिस्टरमध्ये नोंदवायची. बाईने धावायचं नाही, कागद धावतो. गोव्यात पोर्तुगीज नागरी नोंदणीची पद्धत राहिली. तिथे घटस्फोटाचा निकाल लग्नाच्या नोंदीच्या समासात चढतो, म्हणजे एकाच पानावर लग्न आणि त्याचा शेवट दोन्ही दिसतात. उत्तराखंडात २०२५ पासून लागू झालेल्या समान नागरी कायद्याने घटस्फोटाची नोंदही सक्तीची केली. त्या कायद्याबद्दल बाकी मतं वेगवेगळी असतील, आणि तो अनुसूचित जमातींना लागूही नाही, पण नोंदवही ठेवता येते एवढं तर त्यातून दिसतं.

आपल्याकडे ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले, त्यातला मोठा हिस्सा जुन्या फाइली स्कॅन करण्यासाठी आहे. छान आहे. पण स्कॅन त्याचंच होतं जे लिहिलेलं असतं. मावशीची काडी कुठल्या मशीनखाली ठेवणार?

मावशीसाठी काय?

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पण विचारपूस करून जे मार्ग कळले ते असे.

पहिला, कुठे कागद झालाय का ते बघणं. काही घरांत काडीमोडीनंतर स्टॅम्प पेपरवर फारकतनामा करतात. त्यातले काही थोडे लोक तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवतातही. तसं झालं असेल तर तो पुस्तक क्रमांक ४ मध्ये सापडतो, आणि त्याची नक्कल दस्त करणाऱ्याला किंवा त्यावर हक्क सांगणाऱ्यालाच मिळते, तिऱ्हाइताला नाही. मावशीच्या बाबतीत तसं काही नव्हतं. आणि एक सावधगिरीची गोष्ट. तुमच्या समाजात रूढीच नसेल, तर नोटरीकडे शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलेल्या फारकतनाम्याने घटस्फोट होत नाही. असा कागद खिशात ठेवून दुसरं लग्न करू नका, अंगाशी येईल.

दुसरा मार्ग कोर्टाचा. लग्न मोडलेलं आहे अशी घोषणा, म्हणजे वैवाहिक दर्जाची घोषणा कोर्टाकडून मागता येते. तिथे रूढी सिद्ध करायला जाणत्या माणसांची साक्ष चालते. म्हणजे ज्यांनी काडी मोडताना पाहिलं ती म्हातारी माणसं हीच मावशीची फाइल आहेत. त्यातला एक पंच अजून आहे, ऐंशीच्या पुढचा. वेळ फार नाही.

तिसरी गोष्ट खर्चाची. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या लोकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मावशी दोन्हीत बसते. तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या कोर्टातच असते. आम्ही अर्ज लिहिला. मावशीने अंगठा दिला आणि विचारलं, "माझं मोडलं हे अख्ख्या वाडीला म्हाईत हाय. मग सरकारला कुणी सांगायचं, मीच का?"

मला उत्तर देता आलं नाही. स्टीलसाहेबाने १८२७ मध्ये रीत लिहून घेतली तेव्हाच कुणीतरी हा प्रश्न विचारायला हवा होता.

जाता जाता, कामाच्या चार गोष्टी

घरात कुणाचा घटस्फोट झाला असेल तर आजच या गोष्टी लिहून ठेवा: कोर्टाचं नाव, केस नंबर आणि वर्ष, निकालाची तारीख, वकिलाचं नाव. हुकूमनाम्याचा फोटो काढून स्वतःला मेल करा. नवीन केस असेल तर सोळा अक्षरी सीएनआर नंबरही लिहा.

दुसऱ्याची नक्कल काढायला जाऊ नका. हिंदू विवाह कायद्यातल्या केसेसची सुनावणी बंद दाराआड होते आणि त्यातला मजकूर छापायलाही बंदी आहे. पक्षकार स्वतः अर्ज करू शकतात, बाकीच्यांना कारण देऊन कोर्टाची परवानगी लागते. आत्याचं आणि मावशीचं मी त्यांना विचारूनच सांगितलंय, आणि नाव-गाव-नंबर मुद्दाम गाळलेत.

परदेशात कागद लागणार असेल तर नकलेवर अपॉस्टिल करून घ्यावं लागतं. भारत त्या करारात २००५ पासून आहे. त्यासाठी साक्षांकित नक्कलच लागते, झेरॉक्स चालत नाही.

आणि शेवटचं. तुमच्या वाडीत, पाड्यात, आळीत काडीमोड झालेली कुणी असेल तर तिच्याजवळ बसा. कोण पंच होते, कुठल्या वर्षी, कुणासमोर, देज किती परत केलं, हे तिच्या शब्दांत मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि कागदावर लिहून तिची व साक्षीदारांची सही किंवा अंगठा घ्या. त्याने घटस्फोटाचा हुकूमनामा होत नाही, पण उद्या वकिलासमोर बसताना हातात काहीतरी असेल.

आत्याची ई-केवायसी झाली. मावशीच्या अर्जावर तारीख पडली की पुढच्या एखाद्या भागात सांगेन. तोवर तुमच्याकडे काडीमोडीला काय म्हणतात आणि काय रीत आहे, ते मला आवाजी मेसेजमध्ये पाठवा. भेटू.